अकराव्या मजल्यावरचा भुसा

कच्छच्या किनाऱ्यावरची वीस मजली इमारत घेऊन आम्ही पिंपळगाव रेणुकाईला निघालो, तेव्हा जीपवाल्याने तिचं हाफ तिकीट लावलं. इमारत छातीइतकी उंच होती, जाड पुठ्ठ्याची, आणि ती मी बनवली होती. रस्त्यात एका म्हातारीने तिच्या गच्चीवर भाजीची पिशवी ठेवली. सार्वजनिक वाहनात इमारतींनी समजून घ्यावं लागतं.

खरी इमारत समुद्राकाठी उभी राहत होती. तिचा बारावा मजला चढत होता. आराखडा आमच्या जालन्याच्या ऑफिसातल्या शीतलताईंचा. तिकडची हवा दमट आणि तापलेली, म्हणून समुद्राचा वारा प्रत्येक घरातून आरपार जावा, पश्चिमेचं ऊन आत येऊ नये म्हणून सज्जे खोल असावेत, आणि मधल्या उघड्या चौकातून गरम हवा वर निघून जावी, असं सगळं त्यांनी योजलं होतं. कॉम्प्युटरवर वारा अगदी सांगितल्यासारखा वागत होता. शीतलताईंना तेच पटत नव्हतं. त्यांचे मिस्टर, आमचे कल्याणदाजी, तिथेच साइट इंजिनिअर होते, आणि अकराव्या मजल्यावरचं एक घर दोघांनी स्वतःसाठी घेतलं होतं.

"जिथं राहायचं तिथला वारा डोळ्यांनी बघितलेला बरा," त्या म्हणाल्या.

वारा डोळ्यांनी बघायचा तर त्यात काहीतरी उडायला हवं. म्हणून रखमाजीमामा. मामा म्हणजे शीतलताईंचे पिंपळगावचे सख्खे मामा, आणि त्यांच्याकडे सोयाबीनचं मळणी यंत्र. ट्रॅक्टरला जोडलं की ते एका तोंडाने दाणे टाकतं आणि दुसऱ्या तोंडाने भुसा असा फेकतं की समोरचा माणूस पिवळा होतो.

"बिल्डिंगीची मळणी कराची म्हनता?" मामांनी विचारलं. "मंग दाणे कुठून निघतेल?"

"मामा, तुमी फक्त जल्दी सुरू करा," शीतलताई म्हणाल्या.

उषाबाईमामी सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, भाकरी थापत होत्या. मळणी असली की त्या कानात कापूस कोंबतात आणि कोंबड्या डाल्याखाली झाकतात. ट्रॅक्टर थांबल्याचं त्यांना कानाने नाही, पायाखालच्या जमिनीवरून कळतं. जमीन शांत झाली की डालं उचलायचं, कोंबड्या खळ्यात, सांडलेला दाणा साफ. वर्षानुवर्षं असंच.

आम्ही इमारत खळ्यात, यंत्राच्या भुशाच्या तोंडासमोर उभी केली. समुद्राची बाजू यंत्राकडे. मामांनी दांडा ओढला.

भुसा आला आणि सज्ज्यांवरून छान फुटला. शीतलताई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. सगळा भुसा हळूहळू वळून एकाच खिडकीत शिरत होता. अकरावा मजला, उजवीकडून तिसरं घर. पोतं-दीड पोतं भुसा त्या काडेपेटीएवढ्या खोलीत गेला, आणि पलीकडून एक काडीसुद्धा बाहेर आली नाही.

मामांनी यंत्र थांबवलं. ट्रॅक्टर मात्र घुरघुरत ठेवला, कारण तो एकदा बंद पडला की ढकलायला निम्मं गाव लागतं. मी इमारतीचं छत काढून आत पाहिलं, मग त्या खिडकीतूनही. खोली पुसल्यासारखी स्वच्छ.

तेवढ्यात शीतलताईंचा फोन वाजला. दाजी. त्यांनी स्पीकर लावला.

"शीतल, इथं अकराव्यावर भुसा येऊन राह्यला."

"कसला भुसा?"

"सोयाबीनचा. समुद्राकडून."

समुद्रात सोयाबीन होत नाही, एवढं मलाही शाळेत शिकवलं होतं.

"म्हंजे माल बराबर पोचून राह्यला," मामा म्हणाले.

शीतलताईंनी वाकून अकराव्या मजल्यावर नखाने एक टिचकी मारली. फोनमधून धडाड असा आवाज आला आणि दाजींनी आईची आठवण काढली.

"खाली उतरा," शीतलताई म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता. "अहो, आत्ताच्या आत्ता."

"उतरलो असतो ना. बाकीचे जेवायला गेले, मी घर बघाया थांबलो. आता जिनाच न्हाई. सकाळी त्याच्यानंच वर आल्तो. आता तिथं नुसती विहीर हाय."

शीतलताईंनी माझ्याकडे पाहिलं. "सूरज, जिना?"

"ताई, मॉडेलमध्ये जिना कोण चढतं?" मी म्हणालो. "जागा सोडली आहे."

"भुसा गुडघ्याला लागून राह्यला," दाजी म्हणाले. "आणि वाढतोय. वारं तर बंद हाय."

जिना करायला जाड कागद हवा होता. मामांनी ट्रॅक्टरची बॅटरी हलू नये म्हणून खोचलेला एक चकचकीत कागद उपसून दिला. शीतलताई आणि दाजींचीच लग्नपत्रिका. मी तिची पट्टी कापली, पंख्यासारख्या घड्या घातल्या आणि वरून त्या विहिरीत सोडली. घाईत पायऱ्या थोड्या कमी-जास्त झाल्या. सरकारी इमारतीत चालून जातात.

"आला!" दाजी ओरडले. "जिना आला! लाल हाय. शीतल, याच्यावर माझं नाव छापलंय."

"वाचू नका. उतरा."

"चिरंजीववर पाय घसरून राह्यला."

आम्ही तिघं इमारतीभोवती वाकून ऐकत होतो. दाजींच्या पावलांचा आवाज फोनमधून यायचा आणि, कान लावला तर, पुठ्ठ्यातूनही. टिक. टिक. भिंतीत किडा असतो तसा. तो खाली खाली येत गेला. शीतलताईंचा हात तळमजल्याच्या दारापाशी होता, पण त्या शिवत नव्हत्या.

"पोचलो," दाजी म्हणाले. "बाहेर आलो."

मामांनी टोपी काढून कपाळ पुसलं. मी खाली बसणार होतो.

"पण समुद्र कुठंय?" दाजी म्हणाले. "पिवळे डोंगर दिसून राह्यले. समोर दोन खांब हायेत, लई मोठे. एका रेषेत बी न्हाईत. बुडाला निळं रबर."

शीतलताईंच्या पायात निळ्या चपला होत्या.

"कुणी हलू नका," त्या ओठ न हलवता म्हणाल्या.

आम्ही हललो नाही. मी एक पाय अर्धवट उचलला होता, तो तसाच ठेवला. समोर भुसाच भुसा. त्यात करंगळीच्या दोन पेरांएवढा माणूस शोधायचा होता, तोही न चालता, न वाकता, आणि शक्यतो श्वास न सोडता.

"हात हलवा," शीतलताई म्हणाल्या. "मला दिसतील असे."

"उभं राहता येईना. जमीन लई हादरून राह्यली. भूकंप हाय का?"

"मामा, ट्रॅक्टर," शीतलताई म्हणाल्या.

मामांनी पाय न हलवता मागे हात लांबवला आणि बंद करायचं कडं ओढून ट्रॅक्टर बंद केला.

खळं एकदम शांत झालं. इतकं की दाजींचा श्वास फोनशिवाय ऐकू आल्यासारखा वाटला. "हां," ते म्हणाले. "आता बरं हाय."

सपरीत उषाबाईमामींनी तव्यावरून मान वर केली. पदराला हात पुसले आणि उठल्या.

"मामी!" शीतलताई किंचाळल्या. "डालं उचलू नका! मामी!"

मामा ओरडले. मी ओरडलो. एका पायावर उभा राहून मी दोन्ही हात हलवले. मामींनी आमच्याकडे पाहिलं, कापूस घातलेल्या कानांनी गोड हसल्या, आणि त्यांनीही हात हलवला. दुसऱ्या हाताने डालं उचललं.

कोंबड्या अंग झाडून एकेक करत बाहेर आल्या. त्यांना वाट माहीत होती.

"शीतल," फोनमधून दाजी म्हणाले. ते इंजिनिअर होते, त्यांनी आधी अंदाज सांगितला. "काहीतरी येऊन राह्यलं. चांगलं पाच-सहा मजली हाय."