बाबांची कवळी

माझे वडील गेल्यानंतर माझ्या स्वप्नात येऊ लागले आणि येताना दात विसरून येऊ लागले. हे ऐकून कोणी हसलं तर मला राग येत नाही. मी कवळ्या बनवतो, तेव्हा हसणाऱ्यांचं मला वावडं असून चालायचं नाही. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेतात, ते माप माझ्याकडे येतं, मी मेणात एकेक दात रचतो, गुलाबी हिरड्या घडवतो. आणि कवळी नीट बसली नाही की डॉक्टर हात वर करतात आणि माणसालाच माझ्याकडे पाठवून देतात. अर्ध्या वस्तीचं हसू माझ्या मुलाच्या हातचं आहे, असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. त्यांचं स्वतःचंही माझ्याच हातचं होतं. आणि हा कवळीवाल्याचा बाप गेला तो बोळक्या तोंडाने.

दोष तसा कोणाचाच नव्हता. ऑक्सिजनचा मास्क लावायचा म्हणून नर्सबाईंनी कवळी काढली, डबीत घातली आणि डबी माझ्या बायकोच्या हातात दिली. त्यांचा तसा नियमच होता. पुढे सगळं इतकं घाईत झालं की बाबांना शेवटचा निरोप देताना डबी बायकोच्या पर्समध्येच राहिली. घरी आल्यावर किल्ली शोधताना ती हाताला लागली, आणि आम्ही तिघं दारातच उभे राहून रडलो.

पण आईचं रडं वेगळं होतं. ते आम्हाला नंतर कळलं.

माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, आईला न आवडलेल्या माणसाशी लग्न केलं. तेव्हापासून आईने तिला घरात पाऊल टाकू दिलं नाही. बाबा यावर कधी बोलले नाहीत. बाबांचा स्वभावच तसा, सांगितलं तेवढं करायचं, उलट प्रश्न नाही. ते इस्पितळात होते तेव्हा ताई धावत आली, तर आईने तिला बाहेरच अडवलं. "झोपलेत, नंतर ये," म्हणून वाटेला लावलं. बाबा झोपलेले नव्हते. दाराच्या काचेतून त्यांना सगळं दिसत होतं. आई आत आली, त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि त्यांनी सगळं पाहिलंय हे तिला कळलं. तिने विचारलं, "रागावलात का माझ्यावर?"

बाबा बोलले. बराच वेळ बोलले. पण मास्क आणि बोळकं तोंड, शब्द कसला तो कळेना. आईने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितलं. शेवटी ते दमलेले पाहून तिने "हो, हो" म्हणून मान डोलावली, जणू सगळं समजलं. त्यावर त्यांनी डोळे मिटले, ते पुन्हा उघडलेच नाहीत.

"काय म्हणाले असतील रे?" आई मला विचारायची. मी काय सांगणार? मी तेव्हा खाली औषधांच्या रांगेत होतो.

अशात ते माझ्या स्वप्नात यायला लागले. रात्री नाही, रात्री मी मेल्यासारखा झोपतो. आमचं घर वर आणि माझी कामाची जागा खाली, तिथे मागच्या खोलीत एक खाट आहे. दुपारचं जेवण झालं की मी तिथे आडवा होतो. ती झोप पातळ असते, रस्त्यावरचा हॉर्नसुद्धा ऐकू येतो. त्या झोपेत बाबा येत, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसत आणि बोलू लागत. हात हलवून, कळकळीने. आणि मला कळे फक्त फुसफुस. मी म्हणे, "बाबा, सावकाश." ते सावकाश बोलत. तरी तेच.

हे मी आईला सांगायला नको होतं. पण सांगून बसलो.

तेव्हापासून माझी दुपारची झोप ही घरादाराची गोष्ट झाली. आई मला जेवणात आग्रह करून करून वाढू लागली, पोट जड झालं की डोळा लवकर लागतो म्हणून. खाटेशेजारी स्टूल घेऊन बसू लागली. तुम्ही कधी आपल्याकडे टक लावून बघणाऱ्या आईसमोर झोपून बघा. मी कूस बदलली की ती विचारायची, "आले का?" गिऱ्हाईक आलं तर त्याला दारातूनच परतवायची, "तो कामात आहे." आणि मी घोरत असायचो.

"माझ्या स्वप्नात का येत नाहीत?" ती एकदा म्हणाली. "माझ्याकडे येत नाहीत, यातच सगळं आलं." मी म्हटलं, "अगं, तू झोपेची गोळी घेतेस, स्वप्न शिरणार कुठून?" पण तिला ते पटलं नाही.

बायको माझ्यापेक्षा व्यवहारी. ती म्हणाली, "तुम्ही पण ना! सांगून टाका, राग नाही म्हणाले. कोण तपासायला येतंय?" मला ते पटलं. दुसऱ्या दुपारी उठल्या उठल्या मी आईला म्हटलं, "आज स्पष्ट बोलले. 'माझा राग नाही,' म्हणाले."

आईने क्षणभर डोळे मिटले. मग विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

"अरे, पण इस्पितळात ते केवढं बोलत होते. आणि दात नसताना स्पष्ट कसे बोलले?"

दातांच्या धंद्यातला माणूस मी, आणि दातांवरच अडकलो. आई रागावली नाही, हेच जास्त लागलं. नुसती म्हणाली, "माझी समजूत काढायला असं काही पुन्हा सांगू नकोस. मला त्यांचं ऐकायचंय, तुझं नाही."

मग तोडगा तिनेच काढला. झोपताना माणसाच्या हातात जे असतं ते स्वप्नात जातं, असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. तिने कपाटातून डबी काढली, कवळी धुतली, स्वच्छ रुमालात गुंडाळली आणि माझ्या हातात ठेवली. "घेऊन जा. बसव त्यांना." जसं काही मी पलीकडच्या गल्लीत निघालो होतो.

हसू नका, पण मी ती खरंच घट्ट धरून झोपायचो. सुरुवातीला भलतंच व्हायचं. एकदा कवळी स्वप्नात आली, पण बाबाच आले नाहीत. एकदा दोन्ही आले, तर रुमालातून निघाली ती माझ्या एका गिऱ्हाइकाची, निवृत्त मास्तरांची कवळी आणि ते मागे उभे राहून माझ्यावर ओरडत होते. एकदा बाबा रस्त्याच्या पलीकडे होते आणि गाड्या काही थांबेनात. जाग आली की आई स्टुलावरून पुढे वाकलेली असायची, आणि मी मान हलवायचो. ती रुमाल उचलायची, कवळी पुन्हा धुवायची, डबीत ठेवायची. तिची पाठमोरी मान पाहून मला भडभडून यायचं. मी काही करू शकत नव्हतो. झोपण्यापलीकडे माझ्या हातात होतं काय?

आणि मग एका दुपारी जमलं.

बाबा खुर्चीत होते. माझ्या हातात रुमाल होता आणि त्यात त्यांचीच कवळी होती, डाव्या बाजूचा एक दात मी किंचित तिरका लावलेला, त्यांच्या मूळच्या दातासारखा. मी म्हटलं, "आ करा." त्यांनी केला. आधी वरची बसवली, मग खालची. अंगठ्याने दाबून पाहिली. म्हटलं, "चावा." त्यांनी चावून दाखवलं. टक् असा आवाज आला, दोन्ही बाजूंना सारखा. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतकी चपखल कवळी माझ्या हातून जागेपणी क्वचितच बसली असेल.

आणि तिथेच घात झाला.

कवळी बसवली की मी प्रत्येकाला साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावतो. सगळा 'स' आणि 'ष्ट'चा मामला. दात पुढे-मागे झाला असेल तर तिथे शिट्टी वाजते, लगेच कळतं. आयुष्यभराची सवय. माणसाच्या चेहऱ्याकडे मी बघतही नाही, फक्त ओठांकडे बघतो. तर मी माझ्या मेलेल्या बापाला म्हणालो, "हं, साठपासून म्हणा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि सांगितलं तेवढं करणारा तो माणूस म्हणू लागला, "साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट..." खणखणीत. एकही शिट्टी नाही. मी खूश होऊन मान डोलावत होतो. पासष्टाला की सहासष्टाला मी सहज नजर वर केली आणि त्यांचे डोळे दिसले. ते आकड्यांत नव्हतेच. कधी एकदा हे संपतंय आणि बोलतोय, असे ते डोळे होते. मला ओरडायचं होतं, बाबा, राहू द्या आकडे, आईचं सांगा. पण स्वप्नात माझाच आवाज फुटेना, आणि ते थांबेनात. "अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर." मग ते पुढे झुकले, माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तोंड उघडलं.

"आले का? अरे, बोलले का?" आई मला गदागदा हलवत होती. "हसत होतास झोपेत! आकडे म्हणत होतास!"

मी उठून बसलो. मनगट अजून गरम होतं. अर्धवट झोपेत माणूस शहाणपणाने बोलत नाही, मी तर धंद्याच्या आनंदातच होतो. म्हणालो, "बसली, आई! अशी बसली की विचारू नकोस. सगळे आकडे स्वच्छ म्हणाले, साठपासून सत्तरपर्यंत."

"आकडे?" आई म्हणाली. "आकडे कशाला?"

मी सांगितलं कशाला. सांगता सांगता मला माझी चूक कळत गेली.

"बरं," आई म्हणाली. "मग? सत्तरनंतर काय म्हणाले?"

तिचा हात अजून माझ्या खांद्यावर होता. त्याच हाताने तिने मला जागं केलं होतं. तू हलवलं नसतंस तर ते बोललेच असते, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू? उरलेलं आयुष्य ती त्या हाताकडे बघत बसली असती. मी एवढाच विचार केला. पुढचा केला नाही.

"मग काही नाही," मी म्हणालो. "उठून गेले."

आईचा हात खाली आला.

"दात होते तोंडात?"

"हो."

"स्पष्ट बोलता येत होतं?"

"हो, पण आई..."

"तरी न बोलता गेले." ती स्वतःशीच म्हणाली. "म्हणजे राग होता. होताच."

मी भराभर खरं ते सांगू लागलो. म्हटलं, "आई, ऐक, तसं नाही. ते बोलणारच होते गं. त्यांनी तोंड उघडलं होतं. तू मला हलवलंस म्हणून राहिलं. देवाशपथ."

आई माझ्याकडे पाहून हसली. लहानपणी मी पडून गुडघा फोडून घ्यायचो आणि लागलं नाही म्हणायचो, तेव्हा हसायची तशी. "आधी म्हणालास उठून गेले. आता म्हणतोस बोलणार होते. मी तुला सांगितलं होतं ना, माझी समजूत काढू नकोस म्हणून?"

"आई, हे खरं आहे!"

"मागच्या वेळीही खरंच होतं," ती म्हणाली. रुमाल उचलला, कवळी न धुताच डबीत ठेवली आणि वर गेली.

बाबा त्यानंतर आले नाहीत. मी खूप झोपलो. कामं अर्धी टाकून झोपलो, पोटभर जेवून झोपलो, उपाशी झोपलो, कवळी उशाशी घेऊन झोपलो आणि कवळीशिवायही झोपलो. खुर्ची रिकामीच. आईचं स्टूलही रिकामं. ती आता दुपारी खाली येतच नव्हती. बायको म्हणायची, "जरा बोला ना त्यांच्याशी." काय बोलू? खोटं बोललो ते तिने खरं मानलं होतं, आणि खऱ्यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

परवा दुपारी मी मेण वितळवत होतो, तर आई खाली आली. हातात माझ्या बायकोचा फोन. माझ्यासमोर उभी राहिली.

"ताईचा नंबर लावून घेतलाय," ती म्हणाली. "मी बोलले तर ती ठेवून देईल. तू सांग."

"काय सांगू?"

"सांग, तुला बाहेरून परत पाठवलं ते बाबांनी पाहिलं होतं. आणि ते माझ्यावर रागावूनच गेले, शेवटपर्यंत बोलले नाहीत. तिला तेवढंच बरं वाटेल."

"आई, असं झालेलं नाही."

तिने फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे घंटी वाजत होती. मी नको नको म्हणून मान हलवत होतो, आणि आई दोन्ही हातांनी फोन धरून उभी होती. काही केल्या तो खाली घेत नव्हती.

"हॅलो?" ताईचा आवाज आला. इतक्या वर्षांनीही तसाच, जरासा घाईचा. "कोण?" माझ्या तोंडून "ताई" एवढंच निघालं. "अरे तू? काय झालं? आई बरी आहे ना?"

आईला ते ऐकू आलं. तिने डोळे पुसले आणि मला खुणेने सांगितलं, बोल.