शेवटचा चेंडू आत होता

मी राहात्याच्या टेनिस कोर्टावरची लाल माती बोलतेय. माझ्यावर आता गाड्या उभ्या राहतात, तरी मी स्वतःला कोर्टाचीच माती म्हणते.

आप्पासाहेब सर शाळेत खेळ शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या जागेत कोर्टं केली. वीटभट्टीवरचा चुरा आणून बारीक केला, चाळला, मुरमावर पसरला आणि रोलर फिरवला. तीच मी. रोज सकाळी सर मला पाणी मारायचे. एखाद्या दिवशी राहिलं, की मी उडून सूनबाईंच्या वाळवणावर बसायची आणि घरात भांडण लागायचं.

अजिनाथ सरांचा लाडका. तिसगावकडचा. आईवडील ऊसतोडीला इकडं यायचे. पोराची शाळा बुडू नये म्हणून सरांनी त्याला घरीच ठेवून घेतलं, खेळ शिकवला. माझ्यावर घसरत जाऊन चेंडू परतवावा तो त्यानंच.

त्या वर्षी मातीवरची राज्यातली सर्वांत मोठी स्पर्धा इथं भरली. पुरुष एकेरी जिंकणाऱ्याला परदेशातल्या स्पर्धांना पाठवणार होते. अजिनाथ तिशीला आलेला. पुन्हा अशी संधी मिळणार नव्हती.

तो फायनलला पोचला. समोर पुण्याचा ओंकार. अजिनाथचे वडील सहादेव पहिल्यांदाच त्याचा सामना बघायला आले होते. सरांना म्हणाले, "मला यातलं काय कळत न्हाई. टाळ्या कवा वाजवायच्या तेवढं सांगा."

"लोक वाजवतील तेव्हा वाजवा, सहादेवराव."

शेवटचा सेट. ओंकारला जिंकायला एकच पॉइंट हवा होता. अजिनाथनं तो वाचवला असता, तर दोघं बरोबरीत आले असते. अजिनाथनं घसरत जाऊन कडेनं फटका मारला. ओंकार पोचला नाही. चेंडू पांढऱ्या पट्टीच्या कडेला लागला, म्हणजे आतच. मला कळणार नाही तर कुणाला? पण थोडं पलीकडं, पट्टीच्या बाहेर, आधीच्या चेंडूचा ठसा होता. पंच ठसा बघायला खुर्चीवरून उतरले आणि त्यांनी त्याच ठशावर बोट ठेवलं.

"आउट."

"सर, त्यो जुना हाय! माझा ह्यो. पट्टीला लागलाय बगा!" अजिनाथ गुडघ्यांवर बसला होता.

ओंकार जवळ आला. त्यानं दोन्ही ठसे पाहिले. मग वाकून बुटाची नाडी बांधायला लागला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सहादेव उभे राहून वाजवत होते, सगळे थांबले तरी वाजवत होते. बॅग घेऊन अजिनाथ आला, तेव्हा त्यांनी विचारलं, "जिकला न्हवं?"

अजिनाथनं बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "व्हय, आण्णा. चला."

दुसऱ्या दिवशी सरांना फोन आला. सहादेव गावात पेढे वाटत होते.

अजिनाथ पुन्हा आला नाही. सर अंथरुणाला खिळले, तेव्हा त्याची बहीण पंकजा भेटायला आली. "मी लई सांगितलं, सर. त्यो न्हाई येत म्हनतो. रॅकेटी बी देऊन टाकल्या." सरांनी कूस बदलली.

सर गेले. मुलांनी जागा शिर्डीला जाणाऱ्यांच्या गाड्यांसाठी दिली. माझ्यात ऑइल मुरलंय. चाकांनी खड्डे पडलेत. वारा सुटला की लोक नाकाला रुमाल लावून मला शिव्या देतात.

परवा पेव्हर ब्लॉकचा ट्रक येऊन गेला. मला वाचवा असं मी म्हणणार नाही. बसवा ते ब्लॉक, लवकर बसवा. खाली अंधार असेल. चालेल मला.