केळींच्या वाटणीचं पाणी

मी एक जुना न्हाणीचा दगड आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला कुणाची दया नको. ज्यांनी मला उचलायचा प्रयत्न केला त्यांच्या पाठी धरल्या. मी आहे तिथेच आहे.

पेणच्या खाडीकडच्या एका गावात, जनूच्या घरामागे माझी जागा. डोंगरातून मला बैलगाडीने आणलं, छिन्नीने पाठ सपाट केली आणि झावळ्यांच्या आडोशात घट्ट बसवलं. माझ्यावर आंघोळ केली की पाणी मातीच्या पाटाने थेट केळींना जाई. त्या केळी जनूच्या बायकोने, चंद्रावतीने लावलेल्या. त्यांना वेगळं पाणी घालायची कधी गरजच पडली नाही. गणपतीला घड घरचाच हवा, हा तिचा हट्ट. त्यांचा मुलगा धनेश याची पहिली आंघोळही माझ्यावरच झाली. तेव्हा तो केवढा रडला होता, ते मी कुणाला सांगत नाही.

जनू मिठागरात कामाला. संध्याकाळी पाय मिठाने पांढरे करून यायचा आणि चंद्रावती त्याला कुंपणाशीच अडवायची.

"पाय भाईरच धुवा. माज्या केलींना मीठ नको!"

जनू बाहेर पाय धुवायचा आणि मगच माझ्याकडे यायचा.

सत्त्याण्णव साली धनेश रोह्याच्या एका कंपनीत लागला आणि घराचं रूप पालटलं. पाणी ओढून ओढून चंद्रावतीचा खांदा दुखू लागला होता, म्हणून जनूनेच विहिरीवर मोटर आणि घरावर टाकी बसवायचं मनावर घेतलं. "आता बटन दाबला की पानी आला! तू नुसती बस गो," तो म्हणाला. त्याच्या मायेला मी नावं ठेवणार नाही. पण मायेलाही थोडी अक्कल लागते.

मग फरशीचं बाथरूम बांधायला गवंडी आला. "आई, या दगडाचा आता काय काम हाय?" असं म्हणून धनेशने त्याला माझ्याकडे पाठवलं. पहार वाकली, मी हललो नाही. शेवटी बाथरूमची भिंत हातभर सरकवावी लागली. चिडून त्यांनी माझ्या पाठीवर रंगाचे रिकामे डबे ठेवले. म्हटलं, ठेवा.

बाथरूमचं पाणी पाइपाने रस्त्याच्या गटारात जाऊ लागलं. धनेश मोटर लावून पेपर वाचत बसे आणि टाकी भरून वाहत राही. पाणीही वाया, वीजही वाया. केळींना मात्र नळी लावून वेगळं पाणी! आंघोळीचं गटारात आणि झाडांसाठी पुन्हा विहीर उपसायची. मी दगड आहे, तरी मलाही यातला वेडेपणा कळत होता.

वैशाखात एका केळीला केळफूल आलं. पण पानांच्या कडा करपत होत्या. ऊन फार आहे, असं सगळे म्हणाले. एके सकाळी चहा नासला, तेव्हा जनूने विहिरीचं पाणी चाखलं आणि लगेच थुंकलं. पाणी खारट झालं होतं. खाडीकाठच्या विहिरीत वर थोडं गोडं पाणी असतं, त्याखाली खारं. मोटरने गोडं संपवलं आणि खारं वर ओढलं. जन्म मिठात गेलेल्या माणसाच्या हे ध्यानात आलं नाही!

"पायाचा मीठ मी भाईर ठेवला," चंद्रावती म्हणाली, "आनि तुमी नलीनं आत आनला. आता गनपतीला बाजारचा घड आनायचा?" तिला रडू आवरेना. मलाही फार वाईट वाटलं.

जनूने मोटर बंद केली. विहिरीला विसावा दिला. तोवर शेजारून हंडे आणून भागवलं. वर गोडं पाणी साठलं, तसा पोहरा हलकेच बुडवून वरवरचं पाणी काढायचं ठरलं. चंद्रावतीने दोराला हात लावायचा नाही, ज्याने त्याने आपलं पाणी ओढायचं आणि आंघोळ माझ्यावर करायची. माझ्या पाठीवरचे डबे गुपचूप उचलले गेले. धनेश तोंड वाकडं करून बादली घेऊन आला. शॉवरखाली तासभर भिजणारा हा गडी एका बादलीत स्वच्छ झाला! दोर ओढायला लागला की आपल्याला किती पाणी पुरतं ते बरोबर कळतं.

ते गोडं पाणी पाटाने केळींकडे गेलं आणि मुळांतलं मीठ हळूहळू धुऊ लागलं. दोन केळी मेल्या. फूल आलेली मात्र तगली.

भाद्रपदात घड उतरवला. अगदीच लहान होता. धनेश म्हणाला, "आई, पेनच्या बाजारातून मोठा आनू का?"

"बाजारचा बाजारात राहू दे," चंद्रावती म्हणाली आणि तो एवढासा घड तिने गणपतीपुढे मधोमध टांगला. दुसऱ्या दिवशी धनेशने आपणहून बाथरूमचा पाइप कापला आणि पाटाला जोडला. मोटर आजही आहे, पण रोज थोडाच वेळ चालते; टाकी भरली की कुणीतरी धावत जाऊन ती बंद करतं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा दगड नसेल. नसू दे. आज आंघोळ झाली की त्या पाण्याच्या मागे मागे जा आणि ते कुठे जातं ते बघा. झाडाशी जात असेल तर आपली दोस्ती. गटारात जात असेल तर मोठ्या माणसांना सरळ विचारा, हे कुणाच्या वाटणीचं पाणी आपण फेकतोय? रागावले तर रागावू देत. एका केळीसाठी चार बोलणी खाल्ली तर काही बिघडत नाही.