गाडी थंड असताना

मामाच्या ट्रकच्या केबिनमध्ये अडतीस वस्तू होत्या. पाने नऊ, पेचकस तीन, फ्यूज सहा, दिव्यांचे बल्ब चार, चाकांखाली लावायच्या लाकडी पाचरी दोन. शिवाय जॅक, पंख्याचा पट्टा, ग्रीसचा डबा, हवा मोजायचं गेज, रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण आणि टायर ठोकून बघायचा लोखंडी दांडा, प्रत्येकी एक. या झाल्या तीस, आणि त्या सगळ्या ट्रकसाठी. उरलेल्या आठ मामासाठी: खाऱ्या शेंगदाण्यांची पाकिटं चार, एक उशी, एक चादर, सर्दीच्या गोळ्यांची मुदत संपलेली एक पट्टी आणि एक लिटर पाण्याची बाटली, जिचं सील अजून तुटलेलं नव्हतं.

ही मोजदाद मी हौसेने केली नव्हती. मामीने पाठवलं होतं. पदवी हातात होती, प्रयोगशाळेतल्या नोकरीचं पत्र यायचं होतं, आणि तोवर मी मामाकडे राहत होते. म्हणजे मामीच्या मते मी रिकामीच होते.

"तू शास्त्र शिकलीस ना? मग जा, आणि हे दिवसभर काय खातात, काय पितात ते बघून ये. मी विचारलं की एकच उत्तर, सगळं व्यवस्थित. गाडीचा एक नट सैल झाला तर यांना तीन रात्री झोप नाही. आणि इथे डॉक्टरांनी कागदावर लाल गोल काढलाय, तर म्हणतात पेन गळत असेल!"

लाल गोलात १६८/१०४ लिहिलेलं होतं. मामाला अवजड वाहनाच्या परवान्याचं नूतनीकरण करायचं होतं, आणि त्यासाठी रक्तदाब १४०/९०च्या खाली हवा होता. डॉक्टरांनी सहा आठवडे दिले होते. तेव्हाही आकडा वरच राहिला तर परवाना जाणार, आणि परवान्याबरोबर ट्रकही. ट्रकच्या मालकाने लांबचे पल्ले आत्ताच बंद केले होते. मामा फक्त गोदाम ते रेल्वे यार्ड अशा फेऱ्या मारत होता. शिवाय, अकरा वर्षं मामाने सांभाळलेल्या या दहाचाकी गाडीसाठी मालकाने दुसरा ड्रायव्हर हेरूनही ठेवला होता. हा गृहस्थ उतारावर गिअर कमी न करता नुसता ब्रेकवर पाय ठेवून बसायचा. चाकांतून धूर निघायचा. मामाने त्याचं नाव ठेवलं होतं शेगडी.

"मला गोदामात पोती मोजायला बसवा, चालेल," मामा म्हणायचा. "पण म्हातारी शेगडीच्या हातात? जमणार नाही."

म्हातारी म्हणजे ट्रक. मामीने हे एकदा नीट विचारून घेतलं होतं.

मी यार्डात पोचले तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि ट्रक नुकताच फेरीवरून आला होता. मी वर चढून मोजणी उरकली. मग मामा खाली उतरला: तोंड केबिनकडे, दोन हात आणि एक पाय सतत कशाला तरी टेकलेला, अगदी सावकाश. उडी मारून उतरणाऱ्याचे गुडघे त्याच्या आधी निवृत्त होतात, हे तो मला मी पाच वर्षांची असल्यापासून सांगत आलाय.

"मामा, पाण्याची बाटली कधीची?"

"सोमवारची."

"आज गुरुवार आहे."

"मग? पाणी काय शिळं होतं?"

"पीत का नाहीस?"

"प्यायलं की थांबावं लागतं. ही काय सायकल आहे, झाडाला टेकवून पळत जाऊन यायला?"

हे मी वहीत लिहिलं. मग आलेच आहे तर काही उपयोग व्हावा म्हणून गेज उचललं आणि मागचा एक टायर मोजला. १२८ पौंड. दाराच्या आतल्या बाजूला मामाच्या अक्षरात ११० लिहिलेलं होतं.

"मामा, यात अठरा पौंड हवा जास्त आहे. सोडते थोडी." मी नखाने व्हॉल्व दाबला. फुस्स झालं.

"हात काढ!"

आवाज इतका मोठा होता की पलीकडच्या ट्रकवर काम करणाऱ्या वेल्डरनेही हात वर केले.

"काय झालं?"

"तापलेल्या टायरची हवा सोडतात का कधी? चाळीस किलोमीटर धावून आलीय ती. आत्ता एकशेअठ्ठावीस दाखवणारच. आत्ता तू एकशेदहावर आणलीस की सकाळी गार झाल्यावर पंचाण्णव भरेल. मग टायर मऊ. मऊ टायर वाकणार, वाकला की तापणार, तापला की फुटणार. आणि तेव्हा वर कोण बसलेलं असणार? मी! हवा मोजायची सकाळी, गाडी जागची हलायच्या आधी. काय शिकवतात गं तुमच्या कॉलेजात?"

बंदिस्त वायू तापला की त्याचा दाब वाढतो. हे समीकरण मी तीन वर्षांत चार परीक्षांत लिहिलं होतं आणि चारही वेळा पैकीच्या पैकी गुण घेतले होते. मी वहीत स्वतःची चूक नोंदवली. नोंदवता नोंदवता पेन थांबलं.

"मामा, डॉक्टरांनी तुझा दाब मोजला तेव्हा तू कुठून आला होतास?"

"फेरीवरूनच. पहाटे तीनला उठलेलो. दवाखान्यासमोर ट्रक उभा करायला जागा नाही, म्हणून लांब लावला आणि धावत आलो. उशीर झाला होता ना. वर तिसरा मजला, लिफ्ट बंद."

"चहा?"

"दोन. कडक. डोळे मिटायला नकोत म्हणून."

"लघवी करून गेला होतास?"

"तू भाची आहेस की हवालदार?"

"सांग ना."

"सकाळपासून नव्हतो गेलो. आणि मोजताना मालकाचा फोन चालू होता. शेगडी किती शिस्तीचा आहे ते ऐकवत होता."

मी वही मिटली. "तुला तापलेला असताना मोजलंय."

मामा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, आणि माझं पुढचं वाक्य ऐकायच्या आत त्याने मामीला फोन लावला. "ऐकलंस का? मला काहीही झालेलं नाही! पोरगी शिकलेली आहे, ती सांगतेय. मी तापलेलो होतो."

"ते मी लग्न झाल्यापासून सांगतेय," मामी म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर करार झाला. काहीही झालेलं नाही असं मी म्हणाले नव्हते. माहीत नाही एवढंच म्हणाले होते. तेव्हा रक्तदाबाचं यंत्र आणून सात दिवस घरीच, थंड असताना मोजायचं. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, चहाच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर, पाठ टेकून, पाय जमिनीवर, आणि आधी पाच मिनिटं गप्प बसून. पहिल्या दिवसाचे आकडे धरायचे नाहीत, कारण माणूस यंत्राला बुजतो.

पाच मिनिटं गप्प बसण्यावर गाडं अडलं.

"सकाळी इंजिन चालू केल्यावर ब्रेकची हवा भरेपर्यंत काय करतोस तू?" मी विचारलं.

"बसतो. काटा वर आल्याशिवाय गाडी हलवायची नसते."

"किती वेळ?"

"पाचेक मिनिटं."

"तेवढंच तर मागतेय."

"पण तेव्हा मी शिट्टी वाजवतो."

शिट्टी मना केली.

सात दिवस मामाने करार पाळला, पण वकिली सोडली नाही. तिसऱ्या दिवशी १५८ आला तर म्हणाला, हा धरू नकोस, शेजारचं कुत्रं भुंकत होतं. पाचव्या दिवशी १४१ आला तेव्हाही कुत्रं भुंकत होतं, पण तो आकडा दोनदा धरायला त्याची हरकत नव्हती. मी सगळे धरले. अठ्ठावीसपैकी पहिल्या दिवसाचे चार वगळून उरलेल्या चोवीसांची सरासरी निघाली १५१/९५.

मामाने वही माझ्या हातातून घेतली आणि स्वतः बेरीज करून पाहिली. बेरीज बरोबर होती.

"गार असताना?"

"गार असताना."

त्याने वही मिटली. मग म्हणाला, "याला व्हॉल्व कुठे असतो गं?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी वही पानापानाने पाहिली, रोज सकाळी एक अशा तीस गोळ्या लिहून दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं, पाणी प्यायला आणि चालायला सांगितलं. मामाने हे सगळं ट्रकच्या देखभालीच्या वहीत उतरवून घेतलं. ऑइल फिल्टरनंतरच्या पानावर त्याने मथळा घातला, 'चालक', आणि खाली रकाने आखले. शेंगदाण्यांची पाकिटं वेल्डरला गेली. पाण्यासाठी मामाने वाटेवरचे पेट्रोलपंप तपासले आणि अवजड गाडी उभी राहील अशी स्वच्छतागृहं असलेल्या सहा ठिकाणांची यादी केली. त्यातल्या दोन ठिकाणांना शेरा मिळाला, 'उत्तम, आरसासुद्धा आहे.' चालण्यासाठी त्याने ट्रकभोवतीच फेऱ्या घ्यायचं ठरवलं. मी टेप धरून मोजलं. एक फेरी अठ्ठावीस मीटर. शंभर फेऱ्यांत दोन किलोमीटर आठशे मीटर होतात, आणि जाता जाता दहाही टायर शंभरदा नजरेखालून जातात, याचा मामाला फार आनंद झाला. घरात मामीने आमटीतलं मीठ निम्म्यावर आणलं आणि चव कशी आहे असं कुणी विचारू नये अशी ताकीद दिली.

आकडे मात्र मला पटेनात. मी त्यांचा आलेख काढत होते. रेघ हळूहळू खाली यायला हवी होती. ती करवतीच्या दातांसारखी वरखाली होत होती. दोन दिवस १३८, मग १५४, मग १४०, परत १५२. मी यंत्राचे सेल बदलले, पट्टा तपासला, कुत्र्याचीही चौकशी केली. शेवटी गोळ्या मोजल्या. चौदा दिवस झाले होते. तीसपैकी सोळा उरायला हव्या होत्या. चोवीस होत्या.

"मामा, आठ गोळ्या घ्यायच्या राहिल्या आहेत."

"राहिल्या कशाला? वाचवल्या." तो खरंच अभिमानाने म्हणाला. "रोज सकाळी मोजतो. दाब वर असला तर घेतो, बरोबर असला तर नाही. टायर भरलेला असताना कोणी हवा भरत बसतं का? कमी असेल तेव्हाच भरायची."

मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात लाटणं होतं आणि ते लाटण्यासाठी आणलेलं वाटत नव्हतं. मी तिला हातानेच थांब म्हटलं.

"मामा, चाकाला ग्रीस कधी भरतोस?"

"दर पाच हजार किलोमीटरला."

"चाक ओरडत नसलं तरी?"

"ओरडेपर्यंत थांबलं तर बेअरिंग गेलेलं असतं. ग्रीस काय चाकाला विचारून..." तो थांबला. गोळ्यांच्या पट्टीकडे बघितलं, मग लाटण्याकडे. "हे ग्रीस आहे होय?"

"हवा नाही. ग्रीस आहे."

"मग तसं लिहायचं ना पाकिटावर," मामा म्हणाला.

डॉक्टरांना फोन करून मी झालेलं सगळं सांगितलं. राहिलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, उद्यापासून रोज एकच, असं त्यांनी दोनदा बजावलं. तपासणीला वीस दिवस उरले होते. मामाने 'चालक'च्या पानावर गोळीसमोरचं 'गरजेनुसार' खोडलं आणि 'रोज' लिहिलं. मग खाली दुहेरी रेघ मारली.

रेघ खाली येऊ लागली, पण रमतगमत. शेवटच्या आठवड्याची सरासरी निघाली १३७/८८. मामा खूश झाला, मामीने आमटीत मीठ टाकायचं का असं लाडाने विचारलं, आणि मी एकटीच तोंड पाडून बसले. यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की आकडा तीनने इकडेतिकडे होऊ शकतो. एकशे चाळीस आणि एकशे सदतीस यांत तीनचंच अंतर होतं. हे मी मामाला सांगावं की नाही? तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी सांगितलं.

"म्हणजे नापासही होऊ शकतो?"

"होऊ शकतोस."

"बरं केलंस सांगितलंस." तो उठला आणि ट्रकभोवतीच्या फेऱ्यांना गेला. त्या दिवशी त्याने यार्डातल्या सगळ्यांना गाडीच्या खोडी सांगून ठेवल्या: क्लच कुठे पकडतो, थंडीत इंजिन किती वेळ मागतं, डावीकडचा आरसा खड्ड्यात कसा सरकतो. नंतर त्याने चक्क शेगडीला फोन केला आणि उतारावर गिअर कसा आधीच खाली आणायचा ते पंधरा मिनिटं समजावलं. शेगडीने ऐकून घेतलं म्हणे. मी वेळ बघितली होती; पंधरा नाही, एकवीस मिनिटं.

तपासणीच्या दिवशी त्याने सुट्टी घेतली. रात्री आठ तास झोपला, गोळी घेतली, चहा घेतला नाही. आम्ही बसने गेलो आणि चाळीस मिनिटं आधी पोचलो. तीन मजले एकेक जिना थांबत चढलो. डॉक्टरांनी आत बोलावलं आणि लगेच पट्टा हातात घेतला.

"डॉक्टर, पाच मिनिटं," मामा म्हणाला. "बसू द्या. आत्ताच आलोय."

डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्या वहीकडे, आणि पट्टा खाली ठेवला. मामाने पाठ टेकली, पाय जमिनीवर ठेवले. शिट्टी वाजवली नाही. माझाच दाब त्या वेळी कोणी मोजला असता तर वहीत लिहिण्यासारखा नसता.

पाच मिनिटं झाली. पट्टा फुगला आणि हळूहळू सैल झाला. डॉक्टरांनी आकडा लिहिला, दोन मिनिटं थांबून पुन्हा मोजलं आणि तोही लिहिला.

पहिला १३८/८८. दुसरा १३४/८६. सरासरी १३६/८७. डॉक्टरांनी परवान्याच्या कागदावर सही केली.