दर्यापूर : दहापैकी दोन

मी फळा बोलतोय. शाळेतला नाही, तेवढं भाग्य कुठलं, तिथे रोज पुसतात तरी. मी पत्र्याचा, चार फूट बाय तीन. आधी एका बंद पडलेल्या खताच्या दुकानाची पाटी होतो. अकोल्याच्या जुन्या शहरात वाहेद पेंटरने मला काळा रंग दिला, दुकानाबाहेर टांगलं आणि अकोला-अमरावतीच्या फुटबॉल लीगचे गुण माझ्यावर लिहायला सुरुवात केली.

आठ संघ होते. दर रविवारी सामने, आणि संध्याकाळी वाहेदचाचा खडूने गुण लिहायचे. मोर्णा नदीच्या पुलाकडे जाणारी माणसं थांबून वाचायची. माणसांना खेळ बघायला वेळ नसतो, कोण हरलं हे वाचायला मात्र असतो. मला तेव्हा भारीच मान होता.

चाचांची मुलगी सबीहा लग्न होऊन कॅनडात गेलेली. २००६ साली तिने तिथल्या वर्तमानपत्राचं एक कात्रण पाठवलं. तिकडचा फुटबॉल निराळाच, चेंडू हातात घेऊन पळायचा. पण मोसम अर्धा झाला की तिथले जाणकार प्रत्येक संघाला दहापैकी गुण देतात आणि पुढच्या फेरीत कोण जाणार, कोण नाही, तेही सांगून टाकतात. सबीहाने सगळं उर्दूत समजावून लिहिलं होतं. चाचा खूश.

"आपल्या लीगलेबी असंच पाह्यजे," ते बायकोला, हलीमाबींना म्हणाले.

चार-चार सामने झाल्यावर त्यांनी लिहायला घेतलं, आणि तिथेच चुकले. खडू पोरंसोरं पुसतात म्हणून त्यांनी ब्रश उचलला. पेंटर माणूस, हात थांबतोय कुठे? पांढरा ऑइलपेंट, अक्षरांना सावली, एकेक संघ झोकात. सगळ्यात खाली लिहिलं : दर्यापूर, दहापैकी दोन, आशा नाही. एखाद्या कचेरीने हुकूम काढावा असं ते देखणं अक्षर.

दर्यापूरचा कर्णधार गोवर्धन. त्याचा संघ चारपैकी तीन सामने हरला होता. त्या साली कपाशी लाल पडून वाळली होती आणि त्याची पोरं सुरतेला कामाला निघाली होती. गोवर्धनने त्यांच्याकडून शब्द घेतला होता, सेमी फायनलपर्यंत थांबा. तिथवर गेलो तर संघ टिकेल, नाही तर जा खुशाल.

पुढच्या रविवारी सामन्याला आलेला त्याचा संघ जीपमधून उतरला आणि माझ्यासमोर उभा राहिला. एकाने शेवटच्या ओळीवर बोट फिरवलं. रंग पक्का वाळला होता.

"चाचा, आता पोरं काहून थांबतीन?" गोवर्धन म्हणाला.

"अरे बापू, मी त अंदाज लिहला. खेळून त पाहा!"

"अंदाज खडूनं लिहतेत, चाचा."

जीप तशीच परत फिरली. आठवड्याभरात सात पोरं बडनेऱ्याहून सुरतेच्या गाडीत बसली. दर्यापूर उरलेला एकही सामना खेळलं नाही.

लीग संपली. चौथा, म्हणजे सेमीत गेलेला शेवटचा संघ, त्याचे गुण झाले आठ. दर्यापूरचे तीन होते. एका विजयाला तीन गुण; उरलेल्या तिनापैकी दोन सामने जिंकले असते तर नऊ. चाचांनी ही बेरीज माझ्या कडेला खडूने तीनदा मांडली, तीनदा पुसली.

"काळा हात मारा त्याच्यावर," हलीमाबी म्हणाल्या.

"नाई. राहू दे, मले दिसत राहू दे."

पण ते बघणंही त्यांना सोसलं नाही. त्यांनी मला उतरवलं आणि मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून ठेवलं, अक्षरं खाली करून.

चार वर्षांनी गोवर्धन भेटायला आला. बडनेऱ्याला एका गोदामावर पहारेकरी आहे म्हणाला. त्याला पाणी द्यायला हलीमाबींनी झाकण काढून भिंतीला टेकवलं, आणि मी नेमका त्याच्या पुढ्यात. त्याने शेवटची ओळ वाचली. चाचांचा चेहरा उतरला.

"आजच मिटवतो बेटा."

"राहू द्या, चाचा. तुमचं लिहलेलं खरंच निघालं."

खोटं! ते आम्ही दोघांनी खरं करून ठेवलं, चाचांनी आणि मी. मला तोंड असतं तर त्याच्या पाया पडून सांगितलं असतं. चाचांना तोंड होतं, पण त्यांनी मला उचलून पुन्हा टाकीवर पालथं घातलं.

आता चाचा नाहीत. मी चारही कडांनी गंजलोय, पण चाचांचा रंग अस्सल, एक अक्षर उडालेलं नाही. तुमच्याकडे थोडा काळा रंग उरला असेल तर या, एक हात फिरवून जा. अख्ख्या फळ्यावर नको. शेवटची ओळ तेवढी झाका.