चाकाला पाय लावू नका

किरणने धुळ्याहून पिकअप आणली तेव्हा उषाला आधी वाटलं, आज हा दुसऱ्याच कुणाची गाडी घेऊन आला. नंबर तर घरचाच होता, पण गाडी गुडघाभर वर गेली होती. खाली ट्रॅक्टरला शोभतील असे जाडजूड टायर, त्यात चकचकीत काळे मॅगव्हील. मोठे टायर वळताना आत घासायला लागले, म्हणून स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घालून अख्खी गाडीच उचलून आणली होती. मुळात एवढे मोठे टायर कशासाठी, हे विचारायची सोय नव्हती. मारुतीच्या कोपऱ्यावर पूर्वी एका झटक्यात वळणारी गाडी आता पुढेमागे करत तीनदा अडली, आणि ओट्यावर बसलेली माणसं ते मोठ्या कौतुकाने बघत होती. ज्या गावात लोकांना गाडी अडण्याचंही कौतुक वाटतं, तिथे किरणसारख्याला मोकळं रानच मिळतं.

"कशी दिसस?" खाली उडी मारत त्याने विचारलं. खाली उतरण्यासाठी त्यालाही उडी मारावी लागली, हे उषाने बघून ठेवलं.

"कापूस वेचाले जावानं शे का लढाईवर?" ती म्हणाली.

तो हसला. बायकोला यातलं काही कळत नाही, असं ठरवून टाकलेला नवरा जसा हसतो तसा. मग पूजेचं ताट मागितलं. उषाने नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, ओल्या कुंकवाने चारही टायरांवर स्वस्तिक काढलं. दसऱ्याला ती विळ्याखुरप्यांची पूजा करायची तेव्हा मन लागायचं. आज रबरावर बोट फिरवताना तिला स्वतःचीच लाज वाटली. ताट घेऊन ती घरात वळते न वळते तोच गल्लीतलं काळं कुत्रं आलं, त्याने मागचा टायर नीट हुंगला आणि तंगडी वर केली. किरण चप्पल घेऊन त्याच्यामागे धावला. परत येऊन त्याने जाहीर केलं, "आजपासून कोणीच चाकले पाय लावाना नही. पूजा करेल शे."

उषाचं हसू तिथेच विरलं. कारण चाकावर पाय दिल्याशिवाय या गाडीत चढणार कोण आणि कसं?

ही गाडी चालायची ती उषाच्या टोळीवर. गावातल्या बायका निंदणीला, वेचणीला धरणगावकडच्या शेतांवर जात, त्या उषाच्या शब्दावर. कुणाच्या रानात किती बायका, कुणाचं पोर आजारी, कुणाला उन्हाचा त्रास, सगळं तिच्या डोक्यात. सासरी आल्यापासून जे काही मिळालं ते किरणची बायको म्हणून मिळालं. टोळी तेवढी तिने स्वतः बांधली होती. रोज सकाळी बायका मारुतीपाशी जमायच्या, मागच्या चाकावर पाय ठेवून, लोखंडी कठडा धरून आत जायच्या. शेजारच्या गावचा झुलाल आपला खिळखिळा टेम्पो घेऊन टपलेलाच होता. एक दिवस जरी बायका त्याच्याकडे गेल्या, तर उषाची टोळी तिची राहणार नव्हती. निदान उषाला तरी तसंच वाटत होतं.

सकाळी बायका आल्या आणि गाडीभोवती उभ्या राहिल्या. सगळ्यांत पुढे भागाबाई. ही किरणची सख्खी मामी, साठी उलटलेली, पण कापूस वेचायला बसली की पोरींना मागे टाकणारी.

"काय रे भो, हाई गाडी शे का माडी?" तिने विचारलं आणि सवयीने चाकाकडे पाय नेला.

"मामी, पाय नका लावू! पूजा करेल शे!"

म्हातारीने चटका बसल्यासारखा पाय मागे घेतला, चाकाला हात लावून तो कपाळाला लावला आणि वर गाडीचीच माफी मागितली. उषाला तिचा राग आला, आणि किरणचा त्याहून जास्त. तिने घरातून प्लास्टिकचं स्टूल आणलं. गाडीचा मागचा फाळका पाडला, स्टुलावर उभं राहून एकेकीला खालून रेटलं. भागाबाईला चढवायला दोघी लागल्या. तेवढ्या वेळात किरण पुढे उभा राहून मोबाइलवर चाकांचा व्हिडिओ काढत होता, आणि कुणाची सावली आली की "सरका ना बाजूले" म्हणत होता.

शेतावर पोहोचल्यावर उषाने स्टूल शोधलं. स्टूल नव्हतं.

"गावातच ठेवी दिधं," किरण म्हणाला. "व्हिडिओमा बेकार दिसस ते."

बायकांनी उड्या मारल्या. रुपलीसारख्या तरण्या पोरींना मजा वाटली. भागाबाई कठड्याला लोंबकळत उतरली, तिची नडगी फाळक्याच्या कडेवर खरवडली. तिने त्यावर थुंकी लावली, कमरेला झोळी बांधली आणि कपाशीच्या तासाला लागली. पोरींनी डबे आणि पाण्याची कळशी बांधावर नेली. दिवसभर कुणी गाडीचं नाव काढलं नाही. ते उषाला जास्त लागलं. एरवी याच बायका किरणवर मिशीपासून शर्टापर्यंत काहीबाही बोलून हसायच्या. आज तिला दुखू नये म्हणून गप्प होत्या, आणि हे असं सांभाळून घेतलं जाणं तिला नको होतं.

संध्याकाळी किरण उशिरा आला. वाटेत विहिरीवर थांबून टायर धुतले होते. ओल्या रबरावर स्वस्तिकं पुन्हा नव्याने रेखली होती, तीही वाकडी. रुपलीने रिकामे डबे आणि कळशी कठड्यावरून आत ठेवली. मग सगळ्या उभ्याच राहिल्या. पाय दिवसभर वाकून ताठले होते. आता तर पोरींनाही उडी मारवत नव्हती.

"खाले वाका जरा," उषा नवऱ्याला म्हणाली. "तुमना पाठवर पाय दिसन चढतीन त्या."

किरणने इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं, तरी पाहिलं. मग त्याला काहीतरी सुचलं. तो एकदम गोड आवाजात म्हणाला, "वाकस ना मी. पहिला पाय मामीना. या मामी, द्या पाय."

भागाबाई दोन पावलं मागे सरली. "भाचाना पाठवर पाय देऊ मी? नरकमा जाऊ का?"

आखाजीच्या सणाला भाच्याला पाटावर बसवून त्याच्या पायावर डोकं ठेवणारी ती मामी. चुकून धक्का लागला तरी वाकून नमस्कार करणारी. ती पाय देणार नाही, हे किरणला पक्कं ठाऊक होतं. आणि मामीच मागे सरली म्हटल्यावर बाकीच्यांची काय हिंमत? तो न वाकताच सुटला, वर ओठातल्या ओठात हसला. उषाने ते हसू पाहिलं. इतके दिवस नवरा तिला फुशारकी मारणारा, बिनडोक, पोरकट वाटत होता. असल्या माणसासोबत दिवस काढता येतात. पण म्हातारीच्या मायेचा असा हिशेबाने फायदा घेणारा हा माणूस तिला हलका वाटला. अगदी हलका.

"मी पायी जास," भागाबाई म्हणाली आणि खरवडलेल्या पायाने लंगडत निघालीसुद्धा.

तेवढ्यात धरणगावकडून झुलालचा टेम्पो रिकामाच खडखडत आला. म्हातारीला पाहून त्याने ब्रेक दाबला. टेम्पोला रंग नव्हता, एक दिवा फुटलेला, चाकं गुळगुळीत.

"झुलालभाऊ," भागाबाईने घाबरतच विचारलं, "तुना चाकले पाय लावा त चाली का?"

झुलाल बुचकळ्यात पडला. "लावा ना मावशी. चाकच शे ते, देव थोडी शे."

तरी ती चढली नाही. तिने मागे वळून उषाकडे पाहिलं. सगळ्याच बायकांनी पाहिलं. दिवसभर ज्याची भीती होती ते आता समोर उभं होतं, पण उषाला भीती वाटेना. त्या अजून तिच्या शब्दासाठी थांबल्या होत्या.

"बठ्ठ्याजणी चढा," उषा म्हणाली.

बायका भराभर चढल्या. किरण पुढे आला, आवाज खाली आणून म्हणाला, "तू तरी पुढे बस. लोक काय म्हनतीन?"

उषा त्याच्या गाडीकडे आलीच. त्याचा चेहरा खुलला. पण ती दाराकडे न जाता मागे गेली. डबे आणि कळशी आतच होती. तिने साडी वर खोचली, चिखलाने माखलेली चप्पल मागच्या टायरवर, बरोब्बर स्वस्तिकावर ठेवली आणि कठडा धरून वर गेली.

"अवं! पूजेल शे ते!" किरण ओरडला.

"पूजा मीच करेल शे," ती वरून म्हणाली.

कळशी आणि डबे तिने रुपलीच्या हाती दिले, त्याच पायाने खाली उतरली आणि टेम्पोत भागाबाईजवळ जाऊन बसली.

"झुलालभाऊ, सकाय बी मारुतीजोडे या," तिने सांगितलं.

टेम्पो हलला. थोडं पुढे गेल्यावर भागाबाईच्या नडगीला फडकं बांधता बांधता उषाने सहज मागे पाहिलं. मामीसाठी न वाकलेला किरण चाकापुढे गुडघे टेकून बसला होता आणि खिशातल्या रुमालाने तिच्या पायाचा चिखल पुसत होता.