धांदरट लिहिलेला डबा

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे. जुना असलो तरी बिचारा मुळीच नाही. आठ वर्षं वाचनालयात काढली आणि शेजारच्या जाडजूड शब्दकोशापेक्षा कितीतरी जास्त घरं पाहिली.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंनी मला लिहिलं. माझ्या पानांत त्यांचं लहानपण आहे. त्यांना एडीएचडी आहे. म्हणजे लक्ष एका कामावर टिकत नसे, आणि एकदा का लागलं की तहानभूक हरपायची. साऱ्या गावाची घड्याळं त्यांनी बरोबर लावली, स्वतः मात्र कुठे वेळेवर पोचल्या नाहीत. हे त्यांनी हसत हसत लिहिलं आहे. मी काही रडूबाई पुस्तक नव्हे.

वाचकांनी मला डोक्यावर घेतलं. या हातातून त्या हातात फिरून पाठ खिळखिळी झाली, फर्मे सुटले. फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. असे बारा फर्मे दोऱ्याने शिवले की मी तयार होतो. सुटलो तसं मला कोपऱ्यात टाकलं. वर्षभर कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. ते मला फार लागलं, खोटं कशाला सांगू? शेवटी एकदाचा बाइंडरकडे गेलो.

दुकान भावाबहिणीचं. दोघांचेही केस पिकलेले. थोरला भाऊ पुठ्ठा आणि कापड चढवी, धाकटी बहीण शिवण करी. तिच्या सुयांच्या डब्यावर भावाने लहानपणी रंगाने लिहिलं होतं, 'धांदरट'. तिचे टाके मात्र असे सरळ, की बघत राहावं. पण त्या महिन्यात तिच्या हातून दोन पुस्तकं बिघडली होती आणि भावाने बजावलं होतं, "आता एक जरी चूक झाली, तरी शिवण बाहेर देणार. तू खळ लावत बस." शिवण म्हणजे तिचा जीव की प्राण.

माझा जुना दोरा काढताना तिची नजर एका ओळीवर पडली. 'सगळे मला धांदरट म्हणत, आणि ते माझं नावच समजून मी ओ देत असे.' तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग प्रत्येक फर्मा आधी वाचायचा आणि मग शिवायचा, असं सुरू झालं. सहावा संपला तेव्हा पुढे काय झालं ते कळेपर्यंत तिला दम निघेना. तिने डोळे पुसत नववा उचलला, वाचला आणि तोच शिवून टाकला. त्यामुळे माझ्या पानांत बाईंची शाळा संपण्याआधीच त्यांचं लग्न लागलं.

संध्याकाळी भावाने पानं तपासली. शहाण्णववरून एकदम एकशे एकोणतीस. "हे काय करून ठेवलंस?"

"चुकलं माझं," ती म्हणाली. "उसवून परत शिवते. पण दादा, आधी हे एक पान वाच. मग शिवण कुणाला द्यायची ते ठरव."

तो नाइलाजाने, उभ्याउभ्याच वाचू लागला. पान संपलं तरी त्याने मला खाली ठेवलं नाही. मी त्याच्या हातातच होतो, म्हणून सांगतो, 'धांदरट'ची ती ओळ त्याने दोनदा वाचली. मग तो म्हणाला, "अगं, मला वाटायचं तू मुद्दाम करतेस."

"मलाही तसंच वाटायचं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या प्रत्येक फर्म्यावर पेन्सिलीने आकडा घातला. "यापुढे आकडे मी घालणार, शिवणार तू," एवढंच बोलला. तिने मला पुन्हा शिवलं, त्याने पाठीला निळं कापड लावलं. त्यातली एक पट्टी उरली. ती त्याने खळ लावून डब्यावरच्या त्या शब्दावर चिकटवली आणि अंगठ्याने नीट दाबून बसवली.

आज मी पुन्हा वाचनालयात ताठ उभा आहे. मित्रांनो, माझी पानं दुमडू नका, ओल्या हातांनी मला धरू नका. तरी चुकून काही झालंच, तर माझी पाठ दोन दिवसांत दुरुस्त होते. कुणाच्या डब्यावर काही लिहायची लहर आली, तर मात्र जरा हात आवरा. ती निळी पट्टी लागायला चाळीस वर्षं गेली.